पाठलागाचा आलेख : चित्रपटातील गती आणि पदार्थविज्ञानाचा वर्ग

चाल आणि काल यांचा आलेख शिकविताना चित्रपटातील मोटारींच्या पाठलागाचे एखादे दृश्य वर्गात दाखवावयाचे, ते मध्येच थांबवून विद्यार्थ्यांना ‘आता आलेख काढा’ असे सांगावयाचे, आणि त्या आलेखाच्या चढावरून त्वरणाची कल्पना स्पष्ट करावयाची, ही अध्यापनाची रीत आता बरीच रूढ झाली आहे. तिचे समर्थनही सोपे आहे. कलत्या फळीवरून घरंगळणारी ढकलगाडी विद्यार्थ्याच्या मनाची पकड घेत नाही. पडद्यावरची मोटार घेते. जे मन आधीच गुंतले आहे त्याला शिकविणे सुकर जाते, हे कोणीही मान्य करील. तथापि या रीतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते सहसा तपासले जात नाही. पडद्यावर दिसणारी गती आणि आलेखावर मांडली जाणारी गती या एकाच जातीच्या वस्तू आहेत, हे ते गृहीतक होय. ते खरे असेल तर चित्रपट हे उत्तम शैक्षणिक साधन ठरते. खोटे असेल तर ज्या चुका घालविण्यासाठी आलेख शिकवावयाचा, त्याच चुका या साधनाने बळावण्याचा संभव आहे.

परीक्षणासाठी १९६८ सालचा ‘बुलिट’ हा अमेरिकन चित्रपट घेणे इष्ट. पीटर येट्स यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातील सॅन फ्रान्सिस्को शहरामधला पाठलाग सुमारे ११ मिनिटे चालतो, आणि पुढे या प्रकारातील जवळजवळ प्रत्येक दृश्याची तुलना त्याच्याशी होत आली आहे. स्टीव्ह मॅक्वीन यांची हिरवी मस्टँग आणि खलनायकांची काळी चार्जर या दोन मोटारी त्यात आहेत. पाठलागाला खरे तोंड फुटते त्या क्षणी लालो शिफ्रिन यांचे संगीत थांबते आणि नंतर केवळ यंत्रांचा व टायरांचा आवाज उरतो. चित्रीकरणात मोटारींनी ताशी ११० मैल, म्हणजे सुमारे १७७ किलोमीटर, इतकी चाल गाठल्याची नोंद आहे. चित्रपटाचे संकलक फ्रँक केलर यांना या कामगिरीसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. पारितोषिक संकलनाला मिळाले ही गोष्ट येथे विशेष अर्थपूर्ण आहे. कारण ज्या गतीने प्रेक्षक थरारतो ती किती अंशी मोटारींची आणि किती अंशी कात्रीची, हाच येथील प्रश्न आहे.

वस्तुतः कॅमेरा आणि आलेख ही एकाच घरातील भावंडे आहेत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८७८ मध्ये आलेखपद्धतीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८८२ मध्ये त्यानेच सेकंदाला १२ चित्रे टिपणारी ‘छायाचित्र-बंदूक’ तयार केली. उडणारा पक्षी आणि चालणारा माणूस यांच्या स्थितींचे समान कालांतराने ठसे घेणे हा त्याचा उद्देश होता. करमणूक त्याच्या मनातही नव्हती. मारेच्या एकाच काचेवर उमटलेल्या अनेक आकृती पाहिल्या म्हणजे आलेखाचे बिंदूच डोळ्यांसमोर येतात. समान कालांतर आणि स्थिर कॅमेरा या दोन अटी पाळल्या की चित्रपट हे मापनयंत्र होते. कथापटाने या दोन्ही अटी पुढे मोडल्या, आणि मोडल्या म्हणूनच तो कला झाला. तेव्हा वर्गात कथापट आणणारा शिक्षक मारेचे यंत्र आणीत नाही, त्या यंत्राविरुद्धचे बंड आणीत असतो.

‘बुलिट’मध्ये या बंडाचा एक मासला फारच बोलका आहे. पाठलागात दोन्ही मोटारी एका हिरव्या फोक्सवॅगनला मागे टाकतात. थोड्या वेळाने पुन्हा तिलाच मागे टाकतात. आणि पुन्हा एकदा. चोखंदळ प्रेक्षकांनी ही चूक फार पूर्वीच टिपली, आणि चार्जरची चाके जितकी आहेत त्यांहून अधिक चाकझाकण्या निखळून पडतात या दुसऱ्या चुकीबरोबर तिचीही गंमत सांगितली जाते. परंतु पदार्थविज्ञानाच्या वर्गात ती गमतीवर सोडून देणे म्हणजे हाती आलेले घबाड टाकून देण्यासारखे आहे. मस्टँग आणि फोक्सवॅगन यांचे अंतर-काल आलेख एकाच कागदावर काढा. मस्टँगची रेषा फोक्सवॅगनच्या रेषेला खालून वर छेदते, याचा अर्थ मस्टँग पुढे गेली. तीच रेषा पुन्हा एकदा खालून वर छेदावयाची तर मधल्या काळात ती वरून खाली आलीच पाहिजे. म्हणजे फोक्सवॅगनने मस्टँगला कधीतरी मागे टाकलेच पाहिजे. दोन्ही फलने सतत असतील तर यातून सुटका नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला मध्यमूल्य प्रमेयाचे इतके घरगुती उदाहरण क्वचितच सापडेल. चित्रपटात मधली घटना नाही. कारण एकच प्रसंग अनेक कॅमेऱ्यांनी टिपून त्याचे तुकडे एकापुढे एक जोडले आहेत. एकच क्षण तीन-चार वेळा घडतो. पडद्यावरचा काल हा एकसरी वाहणारा काल नव्हे, हे विद्यार्थ्याला व्याख्यानाने पटणार नाही इतक्या सहजतेने येथे पटते.

हीच तपासणी क्षेत्रफळाच्या अंगाने करता येते. चाल-काल आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे सूत्र विद्यार्थी पाठ म्हणतात. पण त्याचा उपयोग करण्याची वेळ आली की अडखळतात. रॉबर्ट बाइकनर यांनी १९९४ मध्ये गतीच्या आलेखांच्या आकलनाची जी २१ प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यातही क्षेत्रफळावरील प्रश्नांनी विद्यार्थ्यांना विशेष दगा दिला होता. आता हा पाठलाग घ्या. ११ मिनिटे, आणि सरासरी चाल अगदी सावधपणे ताशी ८० किलोमीटर धरली, तर क्षेत्रफळ जवळजवळ १५ किलोमीटर भरते. सॅन फ्रान्सिस्को शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ११ किलोमीटर आहे. शहराचा नकाशा समोर ठेवून ही दृश्ये लावू गेल्यास मोटारी एका टेकडीवरून वळतात आणि मैलोगणती दूरच्या दुसऱ्याच टेकडीवर निघतात असे आढळते; शेवटचा वेगवान भाग तर शहराबाहेर, दक्षिणेकडील डोंगराळ रस्त्यावर चित्रित झालेला आहे. एकूण अंतर कदाचित जुळेलही, परंतु ते ज्या क्रमाने कापले जाते तो क्रम जुळत नाही. चाल-काल आलेखात खंड पडलेला नसतानाही स्थानात खंड पडतो, आणि असे होणे म्हणजे क्षणभर अनंत चाल असणे होय. विद्यार्थ्याने आलेख काढावा, क्षेत्रफळ मोजावे आणि ते नकाशाशी ताडून पाहावे. मग क्षेत्रफळ हे परीक्षेतील सूत्र न राहता संकलकाच्या कामाचे परखड टीकाकार बनते.

यापुढील दोष अधिक गंभीर आहे, आणि तो चित्रपटाच्या सौंदर्यातूनच उद्भवतो. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते टेकड्यांवरून सरळ चढतात आणि सरळ उतरतात. पाठलागाची सर्वांत स्मरणीय चित्रे म्हणजे त्या उतारांवरून हवेत उसळणाऱ्या मोटारी. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅक्डरमॉट यांच्या गटाने विद्यार्थ्यांच्या चुकांचा जो चिकाटीने अभ्यास केला, त्यातील १९८७ च्या लेखात एक चूक स्पष्टपणे मांडलेली आहे : विद्यार्थी आलेखाकडे गतीच्या वाटेचे चित्र म्हणून पाहतो. मोटार टेकडी चढली की त्याची रेषा वर जाते, उतरली की खाली येते. प्रत्यक्षात चढावर मोटारीची चाल बहुधा घटते व उतारावर वाढते, म्हणजे आलेख टेकडीच्या नेमका उलटा असावयास हवा. तेव्हा ज्या दृश्यात टेकड्यांचे आकार डोळ्यांवर सतत आदळत आहेत तेच दृश्य या धड्यासाठी निवडणे म्हणजे रोग्याला पथ्याऐवजी कुपथ्य वाढणे नव्हे काय? मराठीत तर ही अडचण आणखी एका पायरीने वाढते. रेषेच्या कलाला गणिताच्या पाठ्यपुस्तकांनी ‘चढ’ हा शब्द दिला आहे. शब्द सुटसुटीत व अर्थवाही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘चढावर आलेखाचा चढ ऋण असतो’ हे वाक्य ऐकणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना केलेली बरी. ‘चाल’ या शब्दाचेही तसेच आहे. गाण्याची चाल, घोड्याची चाल आणि बुद्धिबळातील चाल यांच्या पंक्तीला भौतिकीतील चाल बसवावयाची, तर तिची व्याख्या केवळ एकदा फळ्यावर लिहून भागत नाही.

म्हणून पाठलाग वर्गातून हद्दपार करावा, असे मात्र ठरत नाही. पाठलागात एक असा प्रश्न दडलेला आहे की तो दुसऱ्या कोणत्याही गतीने इतक्या नेमकेपणाने विचारता येत नाही. दोन गती, दोन आलेख आणि त्यांच्यामधील अंतर. ते अंतर केव्हा वाढते, केव्हा घटते आणि केव्हा शून्य होते? ट्रोब्रिज व मॅक्डरमॉट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांपुढे दोन चेंडू समांतर पन्हळींतून सोडले होते. एक समान चालीने जाणारा, दुसरा हळूहळू मंदावणारा. दोन्ही चेंडूंची चाल एकसारखी केव्हा होती, या प्रश्नाला अनेकांनी उत्तर दिले : ते एकमेकांच्या बरोबरीला आले तेव्हा. शेजारी असणे आणि सारख्याच चालीने जाणे यांची ही गल्लत आहे, आणि पाठलागाचे प्रत्येक दृश्य तिला खतपाणी घालते. कारण दोन मोटारी शेजारी आल्या की प्रेक्षकाच्या मनात ‘गाठले’ हा एकच भाव उमटतो.

उदाहरणार्थ, पुढची मोटार सेकंदाला २० मीटर या समान चालीने उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीजवळून निघून गेली, आणि त्याच क्षणी दुसरी प्रतिसेकंद-प्रतिसेकंद ४ मीटर त्वरणाने निघाली, असे समजा. ५ सेकंदांनी दोघींची चाल सारखी होते. आलेखावरील रेषा येथे छेदतात. बहुतेक विद्यार्थी येथेच ‘गाठले’ म्हणून टिंब देतात. परंतु तोवर पुढची १०० मीटर गेली आहे आणि मागची केवळ ५०. म्हणजे ज्या क्षणी रेषा भेटतात त्याच क्षणी मोटारींमधील अंतर सर्वांत अधिक आहे. गाठण्याचा क्षण १० सेकंदांनी येतो, दोन्ही क्षेत्रफळे २०० मीटर होतात तेव्हा. आणि त्या वेळी मागच्या मोटारीची चाल पुढचीच्या दुप्पट, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर आहे. ती शेजारी ‘राहत’ नाही, झपाट्याने पुढे निघून जाते. क्षणभर बरोबर येणे आणि काही काळ बरोबर राहणे यांतील हा भेद ‘बुलिट’च्या अखेरच्या भागात अगदी हाताशी आहे : दोन्ही मोटारी महामार्गावर बाजूबाजूने धावतात आणि चार्जरमधून बंदूक झाडली जाते. तेथे मस्टँगने आपली चाल दुसरीच्या चालीशी जुळवून घेतली आहे. केवळ गाठून भागले नाही. गाठल्यानंतर बरोबर राहण्यासाठी आधी वाढविलेली चाल कमी करावी लागते, म्हणजे पाठलागाच्या यशाची शेवटची पायरी ऋण त्वरणाची असते. ही गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः आलेखावरून काढली म्हणजे तिचा आनंद वेगळाच असतो.

याच उदाहरणात आणखी खोल जाता येईल. मोटारीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरले तर सेकंदाला ४० मीटर चालीवर ४ एकक त्वरण टिकविण्यासाठी, हवेचा अडथळा हिशेबात न घेताही, २५६ किलोवॉट, म्हणजे सुमारे ३४० अश्वशक्ती लागते. ‘बुलिट’मधल्या प्रकारच्या मस्टँगच्या यंत्राची घोषित शक्ती ३२५ अश्वशक्ती होती, आणि तीही चाकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीची. तेव्हा खऱ्या मोटारीचा आलेख सरळ रेषा असूच शकत नाही. तो आरंभी ताठ उठतो आणि पुढे आडवा होत जातो. पाठ्यपुस्तकांतील सरळ रेषांची सवय झालेल्या विद्यार्थ्याला हे वक्र दाखविणे अगत्याचे आहे.

परंतु ‘चाल-काल आलेख’ या साधनाची एक मर्यादा या पद्धतीचे पुरस्कर्ते क्वचितच उच्चारतात. पाठलागातील अत्यंत थरारक क्षण वळणांचे असतात. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी अवघ्या ५४ किलोमीटर चालीने जाणाऱ्या मोटारीचे त्वरण ७.५ एकके भरते. ० ते १०० किलोमीटर ७ सेकंदांत गाठणाऱ्या दणकट मोटारीचे सरळ रस्त्यावरील सरासरी त्वरण ४ च्या आसपास असते. म्हणजे वळणावरील त्वरण जवळजवळ दुप्पट आहे. कोरड्या रस्त्यावर सामान्य टायर जे सोसू शकतात त्याच्या ते सीमेवर आहे, आणि म्हणूनच टायर किंचाळतात. आलेखावर मात्र या वेळी एक शांत आडवी रेषा असते. आलेख म्हणतो त्वरण शून्य. टायर म्हणतात नाही. चाल आणि वेग यांतील भेद पाठ करून घेणारे शिक्षक नेमक्या या जागी तो भेद विसरतात. पाठलागाच्या दृश्याने त्वरण शिकवावयाचे असेल तर विद्यार्थ्याला हे सांगणे भाग आहे की, त्याने काढलेल्या आलेखातून त्या दृश्यातील सर्वांत मोठे त्वरण निसटले आहे.

आता कालाच्या मापाकडे वळावयाचे. १९७१ सालच्या ‘फ्रेंच कनेक्शन’मध्ये ब्रुकलिनमधील उन्नत लोहमार्गावरून धावणाऱ्या गाडीचा खालच्या रस्त्यावरून मोटारीने केलेला पाठलाग आहे. त्याचे छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखात नमूद केले आहे की, वेगाचा भास वाढविण्यासाठी कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १८ चित्रे या मंद गतीने चालविला होता. १८ ने टिपलेले २४ ने दाखविले की प्रत्येक चाल ४/३ पट होते. येथपर्यंत विद्यार्थी सहज येतात. त्वरण किती पट होते, असे विचारले की उत्तर पुन्हा ४/३ येते. खरे उत्तर १६/९ आहे, कारण त्वरणाच्या परिमाणात काल दोनदा येतो. त्यातून एक मार्मिक गोष्ट निघते. मोटारी किती वेगाने गेल्या हे प्रेक्षकाला ठाऊक नसते, पण वस्तू किती त्वरणाने पडतात हे निसर्गाला ठाऊक असते. अशा दृश्यात एखादी वस्तू खाली पडली, तर तिचे त्वरण ९.८ ऐवजी सुमारे १७.४ भरेल. गुरुत्व हे पडद्यात दडलेले घड्याळ आहे, आणि दिग्दर्शकाला त्याची किल्ली फिरविता येत नाही. उसळणारी मस्टँग किंवा निखळून उडालेली चाकझाकणी यांच्या पडण्यावरून चित्रफीत खरोखर २४ च्या गतीने टिपली होती की नाही, हे वर्गात तपासता येईल. आणि ही तपासणी मोटारीची चाल काढण्यापेक्षा अधिक विश्वसनीय व अधिक शहाणपणाची आहे.

घड्याळाचा हा प्रश्न केवळ दिग्दर्शकांच्या क्लृप्त्यांचा नाही. भारतात दूरचित्रवाणीवर चित्रपट दीर्घकाळ सेकंदाला २५ चित्रांच्या प्रणालीने दाखविले गेले. त्यामुळे प्रत्येक चाल ४ टक्क्यांनी आणि प्रत्येक त्वरण ८ टक्क्यांहून थोडे अधिक फुगलेले दिसे. सेकंदाला ३० चित्रांच्या प्रणालीत काही चित्रे दुबार येतात, आणि चित्रागणिक मोजणाऱ्याला मोटार धक्के खात जात असल्याचा भास होतो. ज्या प्रतीवरून मापन करावयाचे ती कोणत्या प्रणालीची आहे, याची चौकशी केल्याशिवाय आकडे मांडणे व्यर्थ आहे.

चित्रागणिक स्थिती मोजून आपोआप आलेख काढून देणारी संगणकीय साधने आता विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि त्यांचा मोह मोठा आहे. हा मोह एका हिशेबाने आवरावा. दोन लगतच्या चित्रांमधील काल १/२४ सेकंद. स्थितीच्या मापनात केवळ १० सेंटिमीटर चूक धरली (आणि पडद्यावरील मोटारीच्या बाबतीत ही फारच उदार कल्पना आहे) तर लगतच्या दोन चित्रांवरून काढलेल्या चालीत सेकंदाला सुमारे ३.४ मीटरची चूक येते. ती एक वेळ सोसता येईल. परंतु लगतच्या तीन चित्रांवरून काढलेल्या त्वरणातील चूक सुमारे १४० एकके होते. आणि जे मोजावयाचे ते त्वरण तर ४ आहे! मोजण्याचे अंतर एक सेकंदाचे घेतले की हीच चूक पाव एककावर येते. याचा अर्थ असा की, त्वरण जाणून घ्यावयास किमान दोन सेकंदांचा अखंड दृश्यखंड हवा. तो एकाच सेकंदाचा असेल तर चूक १ एककाची, म्हणजे मोजावयाच्या राशीच्या चौथ्या हिश्श्याएवढी होते. पाठलाग जसजसा रंगतो तसतसे दृश्यखंड आखूड होत जातात. ग्रिफिथच्या १९१६ सालच्या ‘इंटॉलरन्स’मध्ये आगगाडीचा मोटारीने पाठलाग होतो तेव्हापासूनची ही रीत आहे. म्हणजे जेथे त्वरणाचा भास सर्वाधिक, तेथेच त्वरणाचे मापन सर्वांत अशक्य. प्रेक्षकाला जे ‘त्वरण’ जाणवते ते बहुतांशी कात्रीचे असते. कॅमेरा जमिनीलगत बांधला की हा भास आणखी वाढतो. जमिनीपासून अर्ध्या मीटरवरील कॅमेऱ्याला रस्ता चालकाच्या डोळ्यांपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने मागे पळताना दिसतो, मोटारीची चाल तीच असूनही.

संकलनाचा अडसर नसलेले उदाहरण मिळते काय? क्लोद लेलूश यांचा १९७६ सालचा ‘सेते अं राँदेव्हू’ हा छोटा चित्रपट या दृष्टीने अपूर्व आहे. त्यात पाठलाग नाही. पहाटेच्या पॅरिसमधून एक मोटार पोर्त दोफीनपासून माँमार्त्रच्या टेकडीवरील चर्चपर्यंत सुसाट जाते, आणि हे सारे एकाच अखंड दृश्यात. वाटेतल्या खुणा जगप्रसिद्ध आहेत, अंतरे नकाशावर मोजता येतात, वाट सुमारे साडेदहा किलोमीटरची व अवधी सुमारे आठ मिनिटांचा. सरासरी चाल ताशी ८० च्या आसपास निघते. सिग्नल न जुमानणाऱ्या मोटारीच्या मानाने हा आकडा प्रेक्षकाला निराश करतो, आणि ही निराशा शैक्षणिक दृष्ट्या मोलाची आहे. परंतु या प्रामाणिक चित्राचा आवाज प्रामाणिक नाही. चित्रीकरणाची मोटार तीन गिअरांची स्वयंचलित मर्सिडीज होती. ऐकू येतो तो फेरारीचा, नंतर जोडलेला, आणि हाताने गिअर बदलणाऱ्या यंत्राचा. कानांनी आलेख काढला तर तो वारंवार करवतीसारखा उठतो व मोडतो. डोळ्यांनी काढला तर बराच शांत राहतो. एकाच वर्गाचे दोन गट करावेत, एकाला केवळ ध्वनी ऐकवावा व दुसऱ्याला केवळ चित्र दाखवावे, आणि दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी मांडावेत. ते का जुळत नाहीत याचा उलगडा विद्यार्थ्यांनीच करावयाचा. या पद्धतीतील याहून चांगला पाठ क्वचितच सुचेल.

एतद्देशीय वर्गासाठी ‘शोले’तील आगगाडीचा प्रसंग हाताशी आहे. १९७५ च्या या चित्रपटातील ते दृश्य पनवेलच्या परिसरातील लोहमार्गावर चित्रित झाले आणि त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. सात आठवड्यांच्या निरनिराळ्या प्रहरांतील उजेड काही मिनिटांत सांधलेला आहे, हे येथेही विसरता येणार नाही. तथापि त्यात मोटारींच्या पाठलागात नसलेल्या दोन सोयी आहेत. एक, मालगाडी रुळांवर असल्यामुळे तिला बाजूला वळता येत नाही, आणि ती जवळजवळ समान चालीने जाते असे मानून तिच्या सापेक्ष घोड्यांची गती मोजता येते. दुसरी, रुळांखालचे स्लीपर ठराविक अंतरांवर असतात. दिसतील तेथे ते मोजपट्टीचे काम करतात. घोडा ताशी पन्नास-साठ किलोमीटर चाल थोडाच वेळ टिकवू शकतो, म्हणजे त्याचा आलेख लवकर माथ्याला पोहोचून उतरू लागतो, तर गाडीची रेषा आडवीच राहते. घोड्यावरून धावत्या गाडीवर चढू पाहणाऱ्या दरोडेखोराचा आलेख विद्यार्थ्यांना काढावयास सांगावा. घोड्याच्या रेषेने आधी गाडीच्या रेषेवर उठून मागे पडलेले अंतर भरून काढले पाहिजे. मग खाली उतरून तिच्याशी एकरूप झाले पाहिजे, आणि स्वाराचा हात दांडीवर घट्ट बसेपर्यंतचे एक-दोन सेकंद तशीच राहिली पाहिजे. ज्यांच्या आलेखात दोन रेषा केवळ छेदतात, त्यांचा दरोडेखोर रुळांवर पडतो.